निखिलचा शनिवार

आमच्या घरी सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार निखिलचा. मारुतीने आपला वार निमूटपणे त्याला सोडून दिला होता. दुपारी साडेबाराला बेल वाजायची, आई गाऊनवर ओढणी टाकत दार उघडायची आणि मी टेबलावरच्या फिजिक्सच्या पुस्तकात नाक खुपसायचे. वार लावून जेवणं म्हणजे काय, हे आताच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. पूर्वी खेड्यापाड्यांतून पुण्याला शिकायला आलेली मुलं सात घरं धरायची. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असं आठवडाभर जेवून शिकायची. आईचे आजोबा तसे शिकले आणि पुढे मिरजेला हेडमास्तर झाले. म्हणून तिच्या माहेरी नियमच होता, जेवायला येणाऱ्याचा वार आपण होऊन तोडायचा नाही. बाबांनी एकदा सहज सांगितलं, की ऑफिसच्या टीममध्ये पुण्याचा एक मुलगा नवीन आलाय, एकटाच असतो, दोन्ही वेळा कपातल्या नूडल्स खातो. झालं, आईच्या अंगात हेडमास्तर संचारले. दर शनिवारी बोलवा त्याला, म्हणाली. तो काही गरीब विद्यार्थी नव्हता, चांगला सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर होता, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी माणसाच्या नोकरीच्या परवान्यावर आलेला, टॅम्पिनीसला दोघांबरोबर फ्लॅट घेऊन राहणारा. मी सतरा वर्षांची होते.

आम्ही क्वीन्सटाउनला नवव्या मजल्यावर राहायचो. बाबांचं ऑफिस बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, चांगी बिझनेस पार्कमध्ये, आणि रोजच्या दोन-सव्वादोन तासांच्या एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रवासाबद्दल ते रोज नव्याने कुरकुर करायचे. पण माझं कॉलेज जवळ होतं आणि आईला ती जुनी, झाडांनी भरलेली वसाहत आवडायची. शनिवारी सकाळपासून घराला एक आवाज असायचा. खालून एमआरटी जायची, आत कुकरच्या शिट्ट्या, खोबरं खवल्याचा खरखराट, आणि बाबा कांदा चिरत नाट्यसंगीत लावायचे, तेही स्वतः वरून गात. खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांतून, चिकन राइसच्या आल्याचा वास वर यायचा आणि आईच्या फोडणीच्या वासात मिसळायचा. तो मिसळलेला वास आजही कुठे आला तर मी तिथून उठते. वासाचा बिचाऱ्याचा काय दोष. माझी खोली इतकी लहान होती, की पलंग टाकल्यावर टेबल मावेना, म्हणून माझं टेबल हॉलमध्ये खिडकीपाशी होतं. निखिल जेवायच्या टेबलाची नेमकी अशी खुर्ची धरायचा, की त्याच्या समोर माझी पाठ. तासभर तो वरणभात, मटकीची उसळ, कोशिंबीर असं सावकाश जेवायचा आणि तासभर माझ्या मानेला ते कळत असायचं.

आता त्याचे गुण सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. तो आल्यावर आईबाबांच्या पाया पडायचा. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायचा. आमच्या ओळखीतल्या एकाही पुरुषाने कुणाच्या घरी ताट घासलेलं आईने पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिथेच तो जिंकला. बाबांचा लॅपटॉप दुरुस्त करायचा, आईला टेक्का मार्केटातून कढीपत्ता आणि ओला नारळ आणून द्यायचा. सोन्यासारखा मुलगा. पहिल्याच दिवशी आईने मला सांगितलं, निखिलदादा म्हणायचं. तिसऱ्या शनिवारी आई आत असताना तो हळूच म्हणाला, दादा नको म्हणूस, नुसतं निखिल म्हण.

मग तो काय करायचा? हेच तर सांगता यायचं नाही. रोज मेसेज यायचा, जेवलीस का. उत्तर दिलं नाही तर दुसरा यायचा, रागावलीस का. दिलं तर अर्धा तास चालायचं. मला आवडणारे सीवीडचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे, कुरकुरीत तुकडे तो आणायचा, मी ते खायचे सोडले तरी आणत राहायचा. केस कापले तेव्हा हसत म्हणाला, मला न विचारता? आठवड्यातून एकदा तरी मी कॉलेजातून येताना गाडीतून उतरले, की क्वीन्सटाउन स्टेशनच्या गेटपाशी उभा. इकडेच काम होतं, म्हणायचा. चांगीला ऑफिस आणि टॅम्पिनीसला घर असलेल्या माणसाचं क्वीन्सटाउनला दर आठवड्याला काय काम असतं? ब्लॉकपर्यंत सोबत चालायचा, माझ्या वेगाने, मी हळू केलं तर हळू, भरभर चालले तर भरभर. बोटसुद्धा लावलं नाही कधी. एक वावगा शब्द नाही. मी कंटाळले आहे हे त्याला दिसायचं, आणि दिसूनही काही फरक पडायचा नाही. उलट तो जास्त समजूतदारपणे हसायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात तक्रार लिहून बघत होते. छेड काढली म्हणावं, तर छेड कुठे काढली होती? लाइन मारतो म्हणावं, तर ते कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरांबद्दल म्हणायचं, पाया पडणाऱ्या माणसाबद्दल नव्हे. मागे लागलाय म्हटलं असतं, तर बाबांनी पहिला प्रश्न केला असता, म्हणजे केलं काय त्याने? आणि मी काय सांगणार होते, जेवलीस का विचारतो? ताट घासतो? माझे मेसेज बंद झाले की तो आईला फोन करून विचारायचा, सईला बरं नाही का, आणि आई मला येऊन म्हणायची, उत्तर दे बाई, काळजी करतोय तो. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तशातली गत. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून मी शनिवारी दुपारी तीन वाजण्याची वाट बघायचे, कारण तीनला तो निघायचा.

त्या दिवसांत मी फ्रेंच शिकत होते. आमच्या मादामची मुलगी एलोडी माझ्याच वयाची होती. मी तिला गणित दाखवायचे, ती माझ्याशी फ्रेंच बोलायची, असा आमचा सौदा. उंच, काटकुळी आणि जिभेला हाड नसलेली. एका शनिवारी ती मुद्दाम आईच्या हातची पुरणपोळी खायला आली आणि अर्थातच निखिलही होता. एलोडीला मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती तुपात बुडवून पोळी खात होती आणि नुसती बघत होती. निखिलने माझा पाण्याचा ग्लास मी न मागता भरला. थोड्या वेळाने पुन्हा भरला. मी खिडकी उघडायला उठले तर तो माझ्याआधी उठला. दहा मिनिटांनी एलोडीने मान न वळवता, आमटी छान झालीय अशा सुरात, फ्रेंचमध्ये मला विचारलं, हा किती दिवस तुझ्यावर असा वजन टाकून बसलाय?

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, मिरची लागली का गं.

नंतर आम्ही दोघी खाली हॉकर सेंटरमध्ये उसाचा रस घेऊन बसलो आणि एलोडीने मला शब्द दिले. तिच्याकडे ते ढिगाने होते, जसे आपल्याकडे नातेवाइकांना असतात. 'लूर' म्हणजे जड. जो माणूस नुसता आला तरी हवेचं ओझं होतं, असा. त्याच शब्दाची मोडतोड करून रस्त्यावरची पोरं म्हणतात 'रलू', ते जास्त तुच्छतेने. 'पो द कोल' म्हणजे खळीचं भांडं, चिकटून बसणारा. आणि सगळ्यांत अलीकडचा, तिच्या वर्गातल्या मुली वापरत तो 'फोर्सर'. नाही म्हटलेलं ऐकू येतं, पण जो थांबत नाही, गोड बोलून, हसून, वाट बघून रेटतच राहतो, तो. मी विचारलं, त्याने वाईट काही केलं नसलं तरी म्हणता येतं? ती म्हणाली, अगं, केलं असतं तर पोलीस आहेत की. हे शब्द त्याच्यासाठीच आहेत, जो काही करत नाही. मी वारं प्यायल्यासारखी हसत सुटले. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा वळून बघायला लागले. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं, की मला वेड लागलेलं नाही. कुठल्या तरी देशात माझ्यासारख्या इतक्या पोरी होत्या, की त्यांना चार-चार शब्द कमी पडत होते.

ते शब्द मी फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. अक्षरं देवनागरी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींना वाचता येऊ नयेत, आणि भाषा फ्रेंच, म्हणजे घरच्यांना कळू नये. मोठी हुशार समजत होते स्वतःला. पुढचे काही शनिवार निखिल आला, की मी मनात म्हणायचे, या, खळीचं भांडं आलं. बरं वाटायचं, जिना चढताना मध्ये दम खाल्ल्यावर वाटतं तेवढं. पण साडेबाराची बेल काही चुकली नाही. नाव ठेवलं म्हणून ओझं उतरत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं होतं, अर्धी लढाई जिंकले. धीर करून मी एकदा बाबांना सांगायलाही गेले. एमआरटीत आम्ही दोघंच होतो. बाबा, निखिल मला फार जड वाटतो, म्हटलं. बाबा हसले. म्हणाले, अगं, एकटा आहे बिचारा, करमत नाही त्याला, आणि तुझ्याशी बोलून बरं वाटतं तर तुझं काय जातं? पुढच्या स्टेशनला गर्दी चढली आणि विषय संपला.

आईला ती वही सापडली. सापडली म्हणजे काय, ती माझं टेबल रोज पुसायची. संध्याकाळी निवडायला तांदूळ घेऊन बसली आणि मला म्हणाली, हे लूर, रलू काय आहे? मंत्र आहेत का? मी आधी उडवून लावलं. मग काय झालं कोण जाणे, एकेक करून सगळे अर्थ सांगितले, कुणाचंही नाव न घेता. आई तांदळातून मान वर न करता ऐकत होती. शेवटचा शब्द तिने दोनदा म्हणवून घेतला. फोर्सर, ती म्हणाली, फोर्सर, आणि खडा काढून बाजूला ठेवला. मी वाट बघत बसले आणि मग चिडून खोलीत गेले.

माझी परीक्षा संपली त्याच आठवड्यात निखिलची आई पुण्याहून आली. शनिवारी दुपारी जेवायला नको, चारला चहाला येतो, असं त्याने बाबांना सांगितलं. बाबा उत्साहात होते. आईला म्हणाले, कांदेपोहे कर, तुझ्या हातचे पोहे त्यांना खाऊ घालू. आई साडी नेसली. माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं, परीक्षा संपलेल्या पोरीच्या डोक्यात शिरतं तरी काय. बाबांनी पोह्यांचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जा, दे त्यांना. मी हॉलमध्ये आले. सोफ्यावर निखिलच्या आई बसल्या होत्या, गोऱ्या, ठेंगण्या, प्रेमळ चेहऱ्याच्या. त्यांनी आधी माझ्या हाताकडे, मग पायांकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं मी कसला ट्रे घेऊन उभी आहे. कपाळावर कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं. दार माझ्या मागे होतं, पण त्या दारापाशी निखिलने चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि त्या ओलांडून पळून जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

त्या बाईंचा काही दोष नव्हता, हे आज म्हणू शकते. त्या फार मायेने बोलल्या. वर्षभर तुम्ही याला दर शनिवारी बोलावून जेवू घालताय, म्हणाल्या, त्याचा अर्थ आम्हाला कळत नाही असं थोडंच आहे? लग्नाची मुलगी घरात असताना परक्या मुलाला कोण उगाच वर्षभर जेवू घालतं? आईच्या आजोबांची पुण्याई निखिलच्या घरी अशी वाचली गेली होती. बाबा हसत होते, मान डोलवत होते. निखिल खाली बघत होता, लाजल्यासारखा. मग त्यांनी पिशवीतून एक खण काढला, नारळ काढला, तांदळाची पुडी काढली आणि मला म्हणाल्या, ये बाळ, इथे बस माझ्याजवळ. आमच्यात मुलाच्या आईने मुलीची ओटी भरली, की बोलणी झाली असं धरतात. मी बसले. का बसले, हे मला आजतागायत सांगता येत नाही. वयाने मोठी बाई ये म्हणाली, आणि मी जाऊन बसले. चारही फ्रेंच शब्द जागच्या जागी होते, पण त्या खोलीत त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता. माझ्या कुडत्याच्या घेराची ओंजळ करून त्या बाईंनी तांदळाची मूठ उचलली.

आई स्वयंपाकघरातून पाण्याचे ग्लास घेऊन येत होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन बसली, म्हणजे मला जवळजवळ ढकललंच, आणि स्वतःचा पदर पसरला.

"वहिनी, ओटी माझी भरा," ती म्हणाली. "तिची नको. तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही."

मूठ हवेत राहिली. त्या बाई माझ्या आईकडे बघत राहिल्या, मग आपल्या मुलाकडे, आणि मला वाटतं त्या एका नजरेत त्यांना पुष्कळ कळलं असावं. त्यांनी आईची ओटी भरली. पाच मुठी तांदूळ, खण, नारळ. आईने वाकून नमस्कार केला. मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. पंख्याचा आवाज येत होता आणि चमच्यांचा. निखिलने त्या दिवशीसुद्धा स्वतःची बशी घासून ठेवली. निघताना आईने त्याला दारात थांबवून सांगितलं, निखिल, पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस, वार मी तोडतेय. तिच्या माहेरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. तो मानेनेच हो म्हणाला. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं, नेहमीसारखं, समजूतदार, की बघू, थोडे दिवस जाऊ देत. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तो तसाच बघत होता.

लिफ्ट गेली आणि बाबांचा पारा चढला. शोभा केलीस, म्हणाले, माझ्या हाताखालचा मुलगा, सोमवारी त्याला तोंड कसं दाखवू? त्याने त्यांना आधीच विचारलं होतं म्हणे, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, आणि बाबांनी या म्हटलं होतं. मला सांगावंसं त्यांना वाटलं नव्हतं. आई ओटीतले तांदूळ डब्यात ओतत होती. म्हणाली, मला तिसऱ्याच शनिवारी कळलं होतं तो कशाला येतो. हे ऐकून मी बाबांना सोडून तिच्यावर उलटले. तुला कळत होतं, आणि तरी तू त्याला वर्षभर वाढत राहिलीस? ती हो म्हणाली. काय सांगणार होते यांना, म्हणाली, मुलगा नीट जेवतो, ताट घासतो, म्हणून काढा? माझ्याकडे तरी कुठे शब्द होता. मला तिचा इतका राग आला, की त्या क्षणी तो पदर, ते मध्ये येऊन बसणं, सगळं विसरले. तो राग अजून थोडा शिल्लक आहे. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आहे.

बाबा सोफ्यावर बसले. त्यांचा आवाज उतरला होता, पण त्यांना खरंच समजत नव्हतं. ते म्हणाले, यात एवढं काय आहे गं? मी नव्हतो का येत मिरजेला तुमच्या घरी, वर्षभर, दर रविवारी? तुझ्या वडिलांशी बुद्धिबळ खेळायच्या निमित्ताने. कुणी काही म्हटलं?

"मला कुणी विचारलं नव्हतं," आई म्हणाली.

खालून एक एमआरटी गेली. बाबा आईकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला तिथून नाहीसं व्हायचं होतं, पण खोलीत जायचं तर त्यांच्यातल्या एकाला ओलांडून जावं लागलं असतं. मग बाबांनी विचारलं, तुला नको होतं? आई डब्याचं झाकण लावत म्हणाली, तेव्हा नको होतं. स्वयंपाकघरात जाऊन तिने दिवा लावला.

बाबा उठले. मला वाटलं ते तिच्यामागे जातील, पण ते माझ्यापाशी आले. माझ्या वडिलांनी मला तोवर खूप काही दिलं होतं, सायकल, चांगलं कॉलेज, फ्रेंचचा क्लास. पण त्या संध्याकाळी जसं विचारलं तसं कधी काही विचारलं नव्हतं. त्यांना विचारायची सवयच नव्हती, त्यामुळे ते अडखळले.

"सई, त्याला काय सांगू?"

"नको म्हणून सांगा."

त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, फोन लावला. पलीकडे निखिल पुष्कळ बोलत असावा, कारण बाबा बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "नाही, कारण काही नाही. नाही, थांबून बघायचंही नाही. मुलगी नको म्हणाली."